खाडीच्या अंगाची माती

एकोणीसशे त्र्याहत्तर साल होतं आणि मी सतरा वर्षांचा होतो. त्या वर्षी मी जन्मात पहिल्यांदा समुद्र बघितला, आणि बघून महिना झाला नसेल तोवर त्याच्याशी भांडण काढून बसलो. हे मी लिहिणार नव्हतो. पण गेल्या दिवाळीला माझा नातू नौबादहून गावाकडं आला आणि जेवता जेवता मोबाइल माझ्या ताटावर धरला. पाण्याखाली हिरवं गवत डोलायलंय आणि कुणीतरी इंग्रजीत बोलायलंय. नातू मला मराठीत सांगायला लागला. अज्जा, समुद्राच्या काठावरचं आणि पाण्याखालचं गवत लाटांचा जोर मोडतं, गाळ धरून ठेवतं, माशांची पिल्लं सांभाळतं, हवेतला धूर मातीत पुरून टाकतं. आता शोध लागलाय म्हणे. मी म्हणालो, शोध कसला लागलाय, मला हे एका बाईनं शिव्या देऊन सांगितलं होतं, तुझा बाप जन्माला यायच्या आधी. तर पोरगं हसलं. "अज्जा, आपल्याकडं समुद्र कुठाय?" म्हणाला. माझी शाळा दुसरीपर्यंत, तीही अर्धी कन्नडात आणि अर्धी मराठीत, त्यामुळं मी दोन्हींत अडखळतो. पण भांडायला दोन्ही पुरतात. म्हणून वही घेतली.

आमचं घर मूळचं मेंढरांवालं. खजुरीच्या शिवारात मेंढरं कोंडायचा आमचा वाडगा होता. दोन सालं चारा मिळाला न्हाई, मेंढरं गेली, आणि हाताशी राहिलं ते मातीकाम. त्यात माझ्या बापाला, म्हणजे अप्पाला, मोठा मान होता. खजुरीच्या अलीकडं-पलीकडं त्यानं घातलेल्या एकाही तळ्याचा बांध गळत नव्हता. उंचीनं बुटका माणूस, पण बांधावर उभा राहिला की त्याला कुणी बुटका म्हणत नसे. त्याची रीत ठरलेली. बांधाच्या पायात गवताची एक मुळी ठेवायची न्हाई, कारण मुळी कुजते आणि तिच्या भोकातून पाणी वाट काढतं. माती घ्यायची ती कायम पाण्याच्या अंगानं, म्हणजे तळ्याच्या पोटातून. तळं खोल होतं, बांध उंच होतो, एका खांदणीत दोन कामं. आणि शेवटी बांधावरून मेंढरं फिरवायची, दिवसभर, हलगी वाजवत. मेंढराच्या खुरानं माती जशी बसते तशी चोपायच्या कुठल्याच धुमसानं बसत न्हाई, असं अप्पा म्हणायचा, आणि ते खरंच होतं. आमच्या काळ्या मातीत ते सगळंच खरं होतं. तिथंच तर सगळी गोम.

एका ठेकेदारानं अप्पाचं नाव ऐकलं आणि आमची चौदा जोडपी ट्रकात घालून कारवारच्याही पुढं, मालवणी मुलखातल्या एका खाडीवर नेली. काम असं, की खाडीचं खारं पाणी बांध घालून अडवायचं आणि आतल्या जमिनीत भात पिकवायचं. आम्ही उतरलो तेव्हा ओहोटी होती. पाणी मागं सरकत चाललेलं, आणि मागं हा एवढा चिखल उघडा पडलेला. अप्पानं कमरेवर हात ठेवून बघितलं. "हे पाणी तर आपणहून पळायलंय," म्हणाला, "असलं भित्रं पाणी आडवायला काय लागतंय?" सगळी हसली. मी सगळ्यांत मोठ्यानं हसलो. बापाच्या बोलण्यावर हसायची मला तेव्हा फार हौस.

राहायला नारळाच्या झापांच्या खोपी. माझी आई, तिला आम्ही अव्वा म्हणायचो, तिनं गावाकडून ज्वारीची पोती आणली होती, आणि त्या हवेत आठ दिवसांत पिठाला वास मारायला लागला. भाकरी फुगेना. थापली की चिरायची. अव्वा तव्याला बोलायची, चुलीला बोलायची, ओल्या लाकडांना बोलायची आणि शेवटी अप्पाला. एकदा पिठाच्या डब्यात खेकडा निघाला, तर तिनं दोन दिवस त्या डब्याला हात लावला न्हाई आणि आम्ही दोन दिवस नुसता भात खाल्ला. मीठ डब्यात पाणी सोडायचं, शेंगदाण्याची चटणी बुरसायची, धोतर वाळत घातलं तर संध्याकाळी जास्त ओलं व्हायचं. आणि आवाज! आमच्याकडं दुपारी माळावर एखादं व्हला पाखरू घुमतं, तेवढाच. इथं ओहोटी लागली की सगळा चिखल फुटाणे भाजल्यासारखा तडतडायचा. आत कसले कसले जीव होते कोण जाणे. मला त्या तडतडीचा राग यायचा. जमिनीनं गप्प बसावं, अशी आमची सवय.

खोपींमागच्या गोड्या पाण्याच्या विहिरीवर आनंदीबाय यायची. ती तिथलीच, मासेमारी करणाऱ्या घरची, अव्वापेक्षा दहा वर्षांनी मोठी असेल, काटक, कमरेला कायम कोयता. ओहोटीला चिखलात उतरून ती तिसऱ्या वेचायची, म्हणजे शिंपल्यातलं मांस, जे आमच्यातलं कुणी बघायलाही तयार नव्हतं. तिची मालवणी आणि आमची बोली, दोन्हींना मराठीच म्हणतात, पण पहिले चार दिवस एकमेकींच्या तोंडाकडं बघण्यात गेले. एकदा तिनं अव्वाला मूठभर पाला दिला, खाडीच्या काठी उगवतो तो मोरस. भाजी कर म्हणाली. अव्वानं फोडणी घातली, लाल तिखट घातलं आणि नेहमीसारखं मीठ घातलं. आता ती भाजी मुळातच खाऱ्या पाण्यावर वाढलेली. पहिल्या घासाला सगळ्यांनी अंगणात थुंकलं. पण अप्पा चाखायच्या आधीच बोलून बसला होता, "लई झ्याक झालीया." त्यानं ती अख्खी थाळी संपवली. डोळ्यांतून पाणी आलं, तरी संपवली, आणि मग हंडाभर पाणी प्याला. तो माणूस कसा होता हे सांगायला मला यापेक्षा चांगली गोष्ट येत न्हाई. मी कसा आहे ते माझी बायको सांगते, आणि तीही हीच गोष्ट सांगते.

बांधाची जागा आखली. खाडीच्या काठानं सगळीकडं एक गवत होतं, दुरून बघितलं तर भाताचं रोपच वाटावं. भरतीला बुडायचं, ओहोटीला पुन्हा उभं. अप्पानं हुकूम दिला, पाया मुळीसकट निवळ करा आणि माती पाण्याच्या अंगानं घ्या. पाणी कुठल्या बाजूला? खाडीच्या. म्हणजे बांधाच्या बाहेरच्या अंगाला, जिथं ते गवत दाट होतं, तिथं आम्ही चर खांदायला लागलो, कमरेइतका खोल. त्या खांदणीवर अप्पानं मला ठेवलं. सतराव्या वर्षी हाताखाली आठ माणसं! मला चिखलातही ऐट चढली.

तिसऱ्या दिवशी आनंदीबाय चराच्या कडेला येऊन उभी राहिली. टोपली कमरेवर.

"काय रे मेल्या, गवत कित्याक काढतंस?"

"बांधाला मुळी चालत न्हाई," मी म्हणालो. "बाजूला सर, ए बाई, माती पडंल अंगावर."

"बांधाक नको तर बांधाखालचा काढ. ह्या भायलां कित्याक? माती व्हयी तर आतसून घे. भायलां गवत ऱ्हवाक दी."

"आमी तळी बांधतो. तुमी शिंपले वेचा."

तिनं टोपली खाली ठेवली, माझ्या दंडाला धरलं आणि ओढत नेलं. माझी आठ माणसं खी खी करायला लागली. गवतात पुढं तिनं एक काठी ठोकलेली होती. "हो खुंटो मी गेल्या गणपतीत मारलंय," म्हणाली, "तेव्हा ढोपरापर्यंत होतो. आता बघ." काठी चार बोटं बुडालेली होती. गाळ चढला होता. भरतीचं पाणी गढूळ येतं, गवतात शिरलं की त्याचा जोर मरतो, गाळ खाली बसतो आणि पाणी निवळ होऊन परत जातं. "गवत जमीन वाढयता," ती म्हणाली. "आणि तू खड्डो करतंस." मग तिनं मला आणखी पुढं नेलं, गुडघाभर पाण्यात. तिथं तळाला दुसरंच गवत होतं, कधीच पाण्याबाहेर न येणारं, चिंचेच्या पाल्याएवढी पानं. मी त्यात उभा राहिलो तर घोट्यांना बारीक बारीक काहीतरी टोचायला लागलं. वाकून बघितलं तर काचेसारखी कोळंबीची पिल्लं, शेकड्यांनी, आणि नखाएवढे मासे. "तुमच्या फावड्याचो गढूळ ह्याच्यार बसता," ती म्हणाली. "उजेड नाय गावलो तर ह्या मरता. ह्या मेला की खाडीत खावचा काय? तुझी माती?"

मला पटलं होतं. हे मी आज कबूल करतो, आणि लिहिताना माझा मलाच राग यायलाय. कारण मेंढरामागं फिरलेलं पोर होतो मी. आमच्या ओढ्याला ज्या काठाला हरळी होती तो काठ कधी तुटला न्हाई, आणि जिथं मेंढरांनी हरळी खरवडून खाल्ली तिथं पुराच्या पाण्यानं घळ पाडली, हे मी दर साल बघत आलेलो. फक्त इथं पाणी खारं होतं, म्हणून मला ते वेगळं वाटलं. आता त्या फरकाचं काय करायचं सांगा.

दुपारी भाकरी खाताना मी अप्पाला म्हणालो, "अप्पा, ती बाई म्हणायली, बाहेरचं गवत राहू द्या आन् माती आतल्या अंगानं घ्या."

"तिनं किती बांध घातले?"

"एक बी न्हाई."

"मंग कामून बोलायली?"

"तिची काठी बघितली मी. गाळ चढलाय."

अप्पानं भाकरीचा तुकडा खाली ठेवला. "मला शिकवायलास? आरं, पाण्याच्या अंगानं माती घेतली न्हाई तर तळं खोल कसं व्हईल?"

"पण हितं तळं कुठाय, अप्पा? हितं पाणी बाहेर ठेवायचंय."

त्या क्षणी त्याला कळलं, असं मला तेव्हाही वाटलं आणि आजही वाटतं. पण चौदा जोडपी जेवायला बसलेली होती आणि मोरसाची भाजी चांगली झाली असं तो आधीच म्हणून बसला होता. "खांदा," एवढंच बोलला.

त्यात माझं एक वेगळंच. चार दिवसांनी चर त्या काठीपाशी येऊन पोचला. तिथं खळ्याएवढा एक तुकडा मी मुद्दाम मागं ठेवला होता, आज काढू, उद्या काढू करत. तर हाताखालचा एकजण सगळ्यांसमोर म्हणाला, "काय रं, कोळणीचा जावई व्हायलास का?" अप्पा बांधावरून ऐकत होता. मी फावडं उचललं आणि तो तुकडा एकट्यानं साफ केला, दिवस मावळायच्या आत, मुळ्यांसकट, आणि ती काठी उपटून लांब फेकली. आनंदीबाय ओहोटीला आली. तिनं बघितलं. शिव्या देईल म्हणून मी मान खाली घालून तयारच होतो. तिनं चिखलातून काठी हुडकली, पदराला पुसली आणि घरी घेऊन गेली. त्या दिवसापासून विहिरीवर ती अव्वाशीही बोलेना, आणि अव्वा माझ्याशी.

बांध उभा राहिला. मेंढरं नव्हती, म्हणून अप्पानं आम्हालाच मेंढरं केलं. हलगीच्या तालावर बायामाणसं सगळी बांधावर नाचत सुटलो, टाचा आपटत, चार दिवस. ठेकेदार म्हणाला, अवसेचं उधाण ह्या बांधानं झेललं तर पुढचे दोन बांधही तुम्हीच घालायचे, न्हाईतर ट्रक तयार आहे. अप्पाला पुढच्या कामापेक्षा नावाची ओढ होती. त्यानं उधाण यायच्या आधीच खजुरीकडं जाणाऱ्या एका ट्रकवाल्याजवळ निरोप धाडून दिला, की गावात सांग, अप्पानं समुद्र आडवला. अव्वानं कपाळावर हात मारून घेतला. "आदी आडू तर दे," म्हणाली. पण निरोप गेला होता. आता बांध राहणं न राहणं म्हणजे माझ्या बापानं गावात तोंड दाखवणं न दाखवणं, हे आम्हाला सगळ्यांना समजत होतं.

अवसेला भर दुपारी पाणी चढलं. आम्ही बांधावरच होतो. मी समजत होतो की पाणी वरून येईल, सगळे वरच बघत होते. पाणी वर आलंच न्हाई. ते चरात आलं. आम्हीच खांदलेल्या चरात ते फिरायला लागलं, बांधाच्या पायाशी, आणि खालनं माती खायला लागलं. समोर गवताची काडी नव्हती की ज्यानं त्याचा जोर मोडावा. अप्पा ओरडला, "चोपा! चोपा!" आणि हलगीवाल्यानं वाजवायला सुरुवात केली, आणि आम्ही येड्यासारखे त्या बांधावर टाचा आपटत राहिलो. मग दमलेली मेंढी गुडघे मोडून बसते ना, तसा बांध बसला. मोडला म्हणता यायचं न्हाई, तो सबंध घसरून चरात जाऊन बसला, अंगावरच्या माणसांसकट. सगळी वाचलो, लांबवर एक हलगी तरंगत गेली. पाणी आत गेलं, ठेकेदारानं आखलेल्या भातजमिनीवर पसरलं आणि शांत झालं.

एक तुकडा मात्र जागचा हलला नव्हता. वीस हात असेल. तो मारुतीमामाच्या वाट्याचा. मारुतीमामा म्हणजे अव्वाचा भाऊ, आमच्या टोळीत सगळ्यांत आळशी. त्यानं पायातलं गवत वरवर विळ्यानं कापून मुळ्या तशाच ठेवल्या होत्या, आणि माती आतल्या अंगाची घेतली होती, कारण तिकडं झाडाची सावली होती. बाहेर त्याच्यासमोर गवत जसंच्या तसं उभं. सगळे त्या तुकड्याकडं बघत राहिले. अप्पानंही बघितलं.

"मारुतीनं चोपलंय चांगलं," अप्पा म्हणाला.

"व्हय दाजी," मामा म्हणाला, आणि मिशीवरून हात फिरवला.

"त्यानं?" अव्वा नखशिखांत चिखलानं भरलेली, तशीच ओरडली. "माझ्या भावानं जन्मात काय चोपलंय? दोन महिने त्या झाडाखाली पडून हाय मुडदा! डोळे फुटले का तुमचे? त्याच्या म्होरचं गवत दिसंना व्हय?"

मामा पुढं तीस वर्षं जगला आणि प्रत्येक लग्नात, प्रत्येक पंगतीला त्यानं सांगितलं की समुद्र त्याच्या पुढं हरला. ऐकून ऐकून माझे कान किटले. मी कधी खोडून काढलं न्हाई, कारण मग मला काठीचंही सांगावं लागलं असतं.

ट्रक परवा येणार होता. दुसऱ्या दिवशी सकाळी, सूर्य वर यायच्या आत, मी अव्वाची पाटी उचलली आणि ओहोटीच्या चिखलात उतरलो. फुटलेल्या बांधाच्या मातीत गवताचे गड्डे अडकून पडले होते, अजून हिरवे. ते गोळा केले आणि जिथला तुकडा मी साफ केला होता तिथं, चराच्या कडेला, कांद्याच्या रोपासारखे बोटानं भोक पाडून लावायला लागलो. एक ओळ झाली असेल. मागनं आवाज आला, "कांदे लावतंस, मेल्या?" आनंदीबायनं पहिलं रोप दोन बोटांनी धरलं, ते अलगद वर आलं. तिनं ते माझ्या अंगावर फेकलं. सगळी ओळ उपटली. मग एक गड्डा मातीसकट उचलला, मनगटापर्यंत आत दाबला आणि भोवतीनं टाचेनं घट्ट केला.

अप्पा मामाच्या त्या वीस हातांवर आमच्याकडं पाठ करून बसला होता. दहा पावलांवर.

"त्या बाईला इचार," तो तिकडंच तोंड ठेवून म्हणाला, "दोन गड्ड्यांच्या मधी किती जागा सोडायची."

"बापाशीक सांग, एक पावल," ती माझ्याकडं बघून म्हणाली. "आणि म्हण, पाठ करून ऱ्हवलास तर पावल दिसाचा नाय."

"अप्पा, एक पाऊल," मी म्हणालो. बाकीचं गाळलं.

"ऐकलंय मी," अप्पा म्हणाला. "बहिरा न्हाई." मग उठला, धोतर वर खोचलं, चिखलात उतरला आणि माझ्या पुढं येऊन टाचेनं एक खूण दाबली. एक पाऊल पुढं टाकलं, पुन्हा टाच. आनंदीबायनं कमरेला खोचलेली ती काठी काढली, तिनंच दाबलेल्या त्या गड्ड्याशेजारी ठोकली आणि माझ्याकडं वळली.

"हो उपटलंस तर हात मोडून ठेवीन."

"व्हय, अक्का," मी म्हणालो, आणि अप्पाच्या टाचेच्या खुणेत पुढचा गड्डा दाबला.